घोड्यासोबत ऑब्स्टॅकल चॅलेंज: एंट्रीचे पैसे वसूल होतात का?

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. पाचपैकी चार स्टार. ते चारही स्टार कोर्ससाठी आणि स्कोअरशीटसाठी. जो एक कापलाय तो वॉर्म-अपसाठी, त्याबद्दलची भडास खाली काढलीये.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हे शो जंपिंग नाही. तिथे दांडे उंच लावलेले असतात, घोडा उडी मारतो, दांडा पडला की ४ पेनल्टी, घोडा पहिल्यांदा अडला तरी ४, स्वार पडला की खेळ खल्लास. इथे उंची जवळपास नसतेच, आणि बराचसा कोर्स तर वॉक आणि ट्रॉटमध्येच, म्हणजे साध्या चालीत आणि दुडक्या चालीतच होतो. फाटक उघडून आत जायचं, लाकडी पूल ओलांडायचा, जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवरून चालायचं, दोन दांड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेतून मागे मागे यायचं, दोरीने ओंडका ओढत न्यायचा, एका खांबावर टांगलेला रेनकोट उचलून दुसऱ्या खांबावर नेऊन ठेवायचा, असली कामं. कागदावर वाचलं की वाटतं यात काय एवढं, कोणीही करेल. घोडामैदान जवळच आहे, करून बघा.

या खेळाचे भाऊबंद जगात बरेच आहेत. वेस्टर्न रायडिंगमध्ये, म्हणजे अमेरिकन काउबॉय पद्धतीच्या घोडेस्वारीत, ट्रेल क्लास असतो, फ्रान्समधून आलेला ट्रेक नावाचा प्रकार आहे ज्यात नकाशा बघून रपेट, चालींवरचा ताबा आणि अडथळे असे तीन भाग असतात, आणि पोर्तुगाल, स्पेनकडच्या गुराख्यांच्या रोजच्या कामातून आलेलं वर्किंग इक्विटेशन आहे, त्यात ड्रेसाज (ठरलेल्या आकृत्यांत घोडा चालवून दाखवणं), अडथळे, मग तेच अडथळे घड्याळ लावून, आणि कधीकधी गुरांसोबतचा चौथा भाग. मी भरलेली स्पर्धा या सगळ्यांची सरमिसळ होती. नियम मात्र त्यांचे स्वतःचे. आणि इथेच पहिली सूचना, फॉर्म भरण्याआधी नियमांचं पत्रक मागून घ्या आणि खरंच वाचा, कारण प्रत्येक आयोजक यात आपलं काहीतरी घालतो. कुठला बिट (घोड्याच्या तोंडातला लगामाचा तुकडा) चालतो, एका हातात लगाम धरणं सक्तीचं आहे का, एखादा अडथळा सोडून पुढे गेलं तर शून्य मिळतं की थेट बाद, प्रत्येक अडथळ्याला वेळेची मर्यादा किती, हे सगळं जागोजागी वेगळं असतं.

एंट्रीचं काम सरळ होतं. वर्ग तीन, घोडा हातात धरून चालवत नेण्याचा, नवशिक्या स्वारांचा आणि ओपन, म्हणजे सगळ्यांना खुला. घोड्याचं वय, लसीकरणाचे कागद, जबाबदारी तुमचीच असं लिहिलेला तो नेहमीचा फॉर्म, आणि हेल्मेट प्रत्येकाला सक्तीचं, मग तुम्ही कितीही वर्षं मांड ठोकून बसत असा. हे मला आवडलं. काही ठिकाणी वेस्टर्नवाले टोपी घालून फिरतात आणि कोणी काही बोलत नाही, इथे दारातच हनुवटीचा पट्टा ओढून बघत होते. डॉक्टरही दारातच. कागद बघितले, घोडी सरळ रेषेत ट्रॉट करून लंगडत नाही ना ते बघितलं, नाडी मोजली. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते, प्रवास करून उतरलेल्या घोड्याची थोडी जास्त निघते, तेव्हा ज्यांची वर होती त्यांना परत पाठवलं नाही, जरा उभं राहा म्हणाले आणि नंतर पुन्हा मोजली. समजूतदार माणसं.

कोर्सचा नकाशा मात्र सकाळी लावला. यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडतात. आधी दिला तर लोक घरी हुबेहूब तसाच कोर्स मांडून घोड्याला पाठ करून घेतात, मग परीक्षा कसली. सकाळी दिला तर नवशिक्यांची तारांबळ उडते. माझं मत सकाळच्या बाजूने, पण मग कोर्स पायी फिरायला भरपूर वेळ द्यायला हवा, आणि तो यांनी दिला. पंच स्वतः सोबत फिरले, प्रत्येक अडथळ्यापाशी थांबून कुठून आत शिरायचं, कुठे संपतं, काय बघणार, सगळं सांगितलं, कोणी दहा वेळा तोच प्रश्न विचारला तरी न वैतागता. अडथळ्याच्या दोन बाजूंना लावलेल्या झेंड्यांची पद्धत जंपिंगवालीच, लाल उजव्या हाताला, पांढरा डाव्या हाताला.

आता कोर्सबद्दल. कोर्स आखणाऱ्याला घोड्याचा डोळा कळतो की नाही हे पाच मिनिटांत समजतं, आणि याला कळत होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळपास चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. म्हणजे पुलाजवळ पोचल्यावर त्याला पूल नीट बघायचा असेल तर मान खाली घालावीच लागते. आणि नेमकं त्याच वेळी घाबरलेला स्वार लगाम आवळतो. मग घोडा आंधळाच की हो, त्याने पाऊल टाकायचं कशावर? दिवसभर कठड्याशी उभं राहून मी हेच बघत होते, पुलाशी अडणाऱ्या घोड्यांपैकी बहुतेकांची मान वर ओढलेली. ज्यांनी लगाम ढिले सोडले त्यांचे घोडे वाकले, हुंगलं, फुरफुरले आणि गेले.

रंगांचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ब्रिटनमध्ये एक्झेटर विद्यापीठाच्या लोकांनी घोड्यांना काय दिसतं याचा अभ्यास केला आणि त्यावरून तिथल्या रेसकोर्सवरच्या अडथळ्यांचा नारंगी रंग काढून पांढरा आणायचं ठरलं, म्हणजे हा काही उगाच केलेला लाड नाही. आमच्याकडे गवतावरचे दांडे पांढरे आणि पिवळे होते, छान उठून दिसत होते. ताडपत्री निळी, त्यामुळे घोड्यांना ती लांबूनच दिसायची आणि विचार करायला वेळ मिळायचा. एकच गोष्ट खटकली, नूडल्सचा पडदा, म्हणजे फोमच्या त्या लांब नळ्या टांगलेल्या असतात ना त्यातून जायचं असतं, तो झाडाच्या दाट सावलीत लावलेला. लख्ख उन्हातून एकदम अंधारात शिरताना घोड्याच्या डोळ्याला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तिथे बरेच घोडे बुजले ते पडद्याला नाही, सावलीला बुजले असं माझं ठाम मत आहे. माझी घोडीही थबकली, कान टवकारून उभी राहिली, मग गेली, पण गेली ती पळतच.

फाटकाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण कोर्सचा खरा पेपर तोच, बाकीचे सगळे तोंडी परीक्षेसारखे. घोडा फाटकाला समांतर आणून उभा करायचा, इतका जवळ की न वाकता कडीला हात पोचेल. कडी काढायची, फाटक ढकलायचं, घोडा त्या उघड्या जागेतून न्यायचा, आत गेल्यावर वळवायचा, पुन्हा फाटकाशी आणायचा, एखाददुसरं पाऊल मागे घ्यायचा आणि कडी लावायची. आणि या सगळ्यात फाटकावरचा हात सुटता कामा नये. म्हणजे लगाम आपोआपच एका हातात आले. म्हणजे बाजूला सरकणं, पुढचे पाय जागेवर ठेवून मागचा भाग फिरवणं, मागे येणं आणि सगळ्यात कठीण म्हणजे गप्प उभं राहणं, हे सगळं नुसत्या पायांच्या इशाऱ्यावर आलं. अमेरिकन क्वार्टर हॉर्स या घोड्यांच्या जातीची जी असोसिएशन आहे तिच्या ट्रेल क्लासमध्ये हात सुटला की थेट ५ गुण जातात, इथे तेवढी कडक शिक्षा नव्हती पण कापायचे नक्की. बऱ्याच लोकांचं फाटक उघडणं झकास झालं आणि लावणं फसलं. कारण घरी सराव करताना आपण फाटक उघडून निघून जातो, आणि घोडा शिकतो की फाटक उघडलं म्हणजे चला. लावण्यासाठी थांबायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे आयोजकांना पूर्ण मार्क. नवशिक्यांच्या वर्गाला त्यांनी दोन खांबांमध्ये दोरी बांधलेलं फाटक दिलं आणि ओपनला खरं. दोरीच्या फाटकात घोडा अडकून घाबरण्याची भीती बरीच कमी, दचकला तर दोरी सोडून द्यायची, गुण गेले तर गेले. खऱ्या फाटकात रिकीब किंवा लगाम अडकला तर मात्र प्रसंग बाका.

पूल ठीक होता. बुटका, रुंद, वर घसरू नये म्हणून रबरी मॅट, कठडे नाहीत. पुलाचा त्रास दिसण्याचा कमी आणि ऐकण्याचा जास्त असतो, पहिली टाप पडली की खालून पोकळ आवाज येतो आणि घोड्याला वाटतं जमीन गेली. घरी जाड प्लायवुड जमिनीवर टाकून रोज त्यावरून नेलं की हे प्रकरण मिटतं, आमचं मिटलेलं होतं.

ताडपत्रीबद्दल तक्रार आहे. सकाळी ती छान ताणून, कडांवर दांडे ठेवून लावलेली, दुपारपर्यंत तिच्या इतक्या सुरकुत्या पडल्या की नंतरच्या घोड्यांना वेगळाच अडथळा पार करावा लागला. सपाट ताडपत्री आणि पायाखाली गोळा होणारी, करकरणारी ताडपत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शिवाय घडीत नाल अडकायची शक्यता वेगळीच. दर काही घोड्यांनंतर कोणीतरी जाऊन ती सरळ करायला हवी होती. माणसं होती, कठड्यापाशी उभी राहून गप्पा मारत होती.

ओंडका ओढण्याच्या वेळी सुरक्षेची काळजी चांगली घेतली. दोरी खोगिराला पक्की बांधायची नाही, हाताला तर गुंडाळायचीच नाही, ज्यांच्या खोगिराला पुढे हॉर्न, म्हणजे शिंगासारखा खुंट आहे त्यांनी त्याला वेढा घ्यायचा म्हणजे क्षणात सोडता येतो, बाकीच्यांनी नुसती हातात धरायची. हे पंचांनी दोनदा बजावलं. मागून काहीतरी सरपटत येतंय ही घोड्यासाठी सगळ्यात जुनी भीती, तो उधळला आणि दोरी सुटली नाही तर पुढचं सांगायला नको. रेनकोटमध्ये मला मजा आली, कारण तो उजव्या हाताने उचलून डावीकडे न्यायचा होता, आणि उजव्या बाजूने शांतपणे बघितलेला कोट डावीकडे आला की बऱ्याच घोड्यांसाठी तो नवाच प्राणी असतो. घरी सराव करणार असाल तर प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी दाखवा, एवढंच.

आता गुणांचं. मला हा भाग सगळ्यात आवडला आणि लोक नेमकं याकडेच दुर्लक्ष करतात, रिबन मिळालं का एवढंच विचारतात. गुण द्यायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. क्वार्टर हॉर्सवाले ७० या आकड्यापासून सुरू करतात, ७० म्हणजे सरासरी, मग प्रत्येक अडथळ्याला उणे दीड ते अधिक दीड, आणि दांड्याला खूर नुसता चाटून गेला तरी अर्धा गुण कट. ट्रेकमध्ये १६ अडथळे, प्रत्येकी १०, एकूण १६०. आमच्या इथे प्रत्येक अडथळ्याला १० पैकी, आणि वेळ फक्त बरोबरी झाली तर मोजणार. हे फार फार योग्य केलं, कारण वेळेला जिथे जास्त किंमत असते तिथे लोक घोडा ताडपत्रीवरून हाकलतात, घोडा घाबरून पळत सुटतो आणि टाळ्या पडतात. इथे उलट, सावकाश, मान खाली घालून, एकेक पाऊल विचारपूर्वक टाकणाऱ्या एका थोराड, आळशी दिसणाऱ्या घोड्याने ओपन मारलं आणि चकचकीत तयारी केलेले बरेच जण बघत राहिले.

एका अडथळ्यावर ठरलेला वेळ संपला की पंच पुढे जा म्हणायचे, तिथे शून्य, पण बाद नाही. घोडं अडलं तर तासभर झटापट करायची सोयच नाही. चाबूक किंवा टाच जोरात वापरली तर थेट बाद, आणि एकाला केलंही. त्याने वाद घातला, कोणी ऐकून घेतलं नाही.

शेवटी प्रत्येकाला स्वतःची स्कोअरशीट मिळाली, नुसते आकडे नाही, समोर दोन-चार शब्द. माझ्या शीटवर मागे येण्याच्या एल आकाराच्या वाटेपुढे लिहिलं होतं की घोडी मागे येताना दरवेळी डावीकडे झुकते, मागच्या उजव्या पायाकडे बघा. आता हे मला रोज वर बसून दिसत नव्हतं आणि दिसणारही नव्हतं, तिथे मागचं दिसत नाही ना तिला ना मला. घरी आल्यावर नालबंदाला दाखवलं, त्याने नाल आणि खूर तपासून थोडं काम केलं, डॉक्टरांनाही दाखवलं, आता बराच फरक आहे. एका खाजगी ट्रेनरच्या क्लिनिकला यापेक्षा जास्त पैसे जातात आणि तिथे इतकं नेमकं कोणी लिहून देत नाही. माझ्यासाठी फी इथेच वसूल झाली. म्हणून एंट्री भरताना आयोजकाला हा प्रश्न नक्की विचारा की शीट हातात देणार का आणि शेरे लिहिणार का. नुसती यादी फळ्यावर लावून मोकळे होत असतील तर त्या दिवशी घरीच छान रपेट मारा.

आता ती भडास. वॉर्म-अपची जागा एवढीशी. हातात धरून नेणारे, स्वार, पहिल्यांदाच आलेले शिंगरं घेतलेले, सगळे एकाच रिंगणात. समोरासमोर आलं की डावा खांदा डाव्या खांद्याला ठेवून जायचं हा साधा नियम, तो सांगायला कोणी नाही. शेपटीला लाल रिबन बांधलेला घोडा म्हणजे लाथ मारतो, लांब राहा, हे जगभर चालतं, पण तिथे निम्म्या लोकांना वाटलं सजावट आहे आणि त्या बिचाऱ्या घोडीच्या मागे चिकटून फिरत होते, तिच्यावर बसलेली बाई ओरडून ओरडून थकली. सरावासाठी एखादा दांडा, एखादं ताडपत्रीचं फडकं तरी ठेवायचं, तेही नाही. लाऊडस्पीकर बरोबर पुलाच्या बाजूला, ज्याची पाळी पुलावर असताना पुढच्याचं नाव पुकारलं गेलं त्याचं नशीब. आणि वेळापत्रक इतकं घसरलं की दुपारचे लोक खोगीर चढवून ताटकळत उभे. घोडा तापवून थंड केला, परत तापवला, परत थंड. अशाने चांगला घोडाही कंटाळतो, आणि कंटाळलेला घोडा फाटकाशी उभा राहत नाही. कितव्या नंबरला कोण आणि आत्ता कितवा चालू आहे एवढं फळ्यावर लिहीत राहिले असते तरी पुरे होतं. पाण्याची आणि सावलीची सोय चांगली होती, गाड्या उभ्या करायला जागाही ऐसपैस, तिथे तक्रार नाही.

कोणी जावं? ज्यांचा घोडा जंपिंगला जाड झालाय, म्हातारा झालाय पण डोकं शाबूत आहे, त्यांनी डोळे झाकून. ज्यांना स्वतःला उंचीची धास्ती आहे त्यांनी पण. तरुण, अर्धवट शिकवलेला घोडा असेल तर हातात धरून नेण्याच्या वर्गात घाला, त्याला कमी लेखू नका, तिथला कोर्स तोच असतो, फक्त तुम्ही जमिनीवर असता आणि घोडा तुमच्या पायावर पाय देतो, म्हणून बूट जाड घाला. तयारी महिना दोन महिने तरी हवी, आणि रोज थोडी. घोडा एखाद्या गोष्टीला घाबरला की तिच्याकडे न्यायचं, तो थबकायच्या आधीच आपणहून मागे घ्यायचं, परत न्यायचं, प्रत्येक वेळी थोडं जास्त जवळ. ओढून नेलं तर एकदा जाईल, दुसऱ्यांदा लांबूनच नको म्हणेल. ज्यांना फक्त वेग आवडतो त्यांनी येऊ नये, चिडचिड होईल, मागच्यांचाही वेळ जाईल.

मी पुढच्या वेळी परत भरणार आहे, आणि खरं फाटक नवशिक्यांनाही ऐच्छिक ठेवा असं त्यांना कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की विचार करू, आणि वॉर्म-अपसाठी शेजारची मोकळी जागा घ्यायचं चाललंय म्हणे. घेतली तर कापलेला स्टार परत देईन.